भिंतीकडेचा मैदा

४ मार्च
पामेटो रोड, फ्लोरिडा

एमेट,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. कॉरीनकडे तुझ्या टपालपेटीचा नंबर आहे हे मला काल कळलं. लेकीला पत्ता आणि बायकोला ठेंगा. असू दे. तीन राज्यं पलीकडे गेला असशील असं वाटलं होतं, तर साहेब साउथ कॅरोलायनात! बरोबर आहे. तिथे परवाना लागत नाही, तपासणीला कुणी येत नाही, नाग उशाशी घेऊन झोपलास तरी कुणी विचारत नाही.

मी त्या रविवारी चर्चमधून परत आले तर गॅरेजचं दार सताड उघडं, व्हॅन नाही, सापांची खोली रिकामी. टेबलावर चिठ्ठी: "गुरुवारी तपासणी आहे. जावं लागतंय. नंतर बोलू." चौतीस वर्षांच्या संसाराची ही पावती! बायका एका सवतीपायी जीव देतात, मी सत्तावीस सवतींबरोबर नांदले. ख्रिसमसला म्हटलं होतं ना, या घरात एक तर ते साप राहतील नाही तर मी? घेतलास तू निर्णय. तुझी ती लाडकी नागीण, डचेस, व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसली असेल, माझ्या जागेवर. पट्टा लावलास ना तिला?

राग कशाचा येतो सांगू? जायचंच होतं तर जानेवारीपासून ती नाटकं कशाला केलीस? रोज झोपायच्या आधी माझं पांघरूण स्वतः झटकायचास. माझ्या सपाता उलट्या करून आपटून ठेवायचास. मी बाथरूमला उठले की "थांब व्हर्ना, दिवा मी लावतो," म्हणून माझ्यापुढे धावायचास. ते गुडघ्यापर्यंतचे चामडी बूट आणलेस, "फरशी गार असते, घरातसुद्धा घालत जा." फ्लोरिडात फरशी गार! मी वेडी, चर्चमधल्या बायकांना सांगत सुटले की म्हातारपणी माझ्या नवऱ्याला देवानं बुद्धी दिली. ख्रिसमसला बोलले ते लागलं त्याच्या मनाला, असं मला वाटलं. आता त्याच बायका माझ्याकडे असं बघतात की केक घेऊन जायचीही लाज वाटते.

तर ऐक. गुरुवारी तपासणीवाला आला, दारातूनच रिकामी खोली बघून गेला. मग तुझी खोली मी साफ केली. सरकारी इशाऱ्याची पाटी काढली, पिंजऱ्यांवरच्या विषाच्या चिठ्ठ्या जमिनीवर पडल्या होत्या त्या खरवडून काढल्या. आणि मैदा! भिंतीच्या कडेकडेनं सगळीकडे मैदा सांडलेला. जानेवारीत माझा डबा दोनदा रिकामा झाला तेव्हा मला वाटलं, माणूस चोरून बिस्किटं भाजतोय. आत काय चालायचं तुझं? मुंग्यांची रांग लागली होती.

कॉरीन टॅन्सीला घेऊन इथे राहायला आली आहे. डॅरेलशी तिचं आता कायमचं तुटलं. ती हॉस्पिटलात कामावर जाते, टॅन्सीला मी सांभाळते. तुझ्या खोलीला पिवळा रंग दिला, आता ती नातीची खोली. तीन वर्षांच्या पोरीनं आल्या आल्या तुझी ती मागे कलणारी खुर्ची बळकावली. तिचं बूड फाटलंय, चिंध्या लोंबतात, टाकून देणार होते. टाकली नाही, एवढंच. त्याचा भलता अर्थ काढू नकोस.

आणि हो, तू गेलास तसे घरातले उंदीरही गेले. एकाच दिवशी दोन चांगल्या गोष्टी झाल्या.

व्हर्ना

१९ मार्च

एमेट,

हे पत्र भांडायला लिहीत नाही. पूर्ण वाच.

आज टॅन्सीचा चेंडू कपडे वाळवायच्या मशीनमागे गेला. मशीन ओढलं. मागे उंदीर पकडायचे चिकट पुठ्ठे होते, चार, एकाला एक जोडून. भिंतीकडेला मैदा होता. आणि मैद्यावर कात पडली होती. माझ्या हाताएवढी तेवढी अख्खी होती, बाकी फाटून मशीनखाली गेलेली.

मी तिथेच जमिनीवर बसले. मग एकदम उठले, कारण जमिनीवर बसणं बरं नाही हे ध्यानात आलं.

मी साप पाळले नाहीत, पण पाळणाऱ्याबरोबर आयुष्य काढलंय. मैदा बिस्किटांसाठी नव्हता. साप सरपटला की मैद्यावर माग उठतो, म्हणून तू तो टाकत होतास. उंदीर तुझ्या जाण्यानं गेले नाहीत, कुणीतरी खाल्ले. पांघरूण, सपाता, बाथरूमचा दिवा, बूट. सगळं समजलं मला. आणि तपासणीला का घाबरलास तेही समजलं. परवान्यावर सत्तावीस आणि पिंजऱ्यांत सव्वीस. साप सुटला तर त्याच क्षणी वन्यजीव खात्याला कळवायचं, हा नियम तूच नवशिक्यांना दरडावून सांगायचास. "जो लपवतो त्याला साप पाळायचा हक्क नाही," असं या टेबलावर मूठ आपटून म्हणायचास. कॉफी सांडायची, पुसायची मी.

मला एकच गोष्ट हवी आहे: कुठला? नाव सांग. प्रत्येकाचं औषध वेगळं, हे तुझ्याकडूनच शिकले. इथल्या हॉस्पिटलात खुळखुळ्या सापाचं मिळतं. तुझ्या परदेशी राण्यांचं कुणाकडे असणार? टॅन्सीला काही झालं तर डॉक्टर मला पहिला प्रश्न हाच विचारतील, आणि मी काय सांगू? "नवऱ्याला विचारते, पण तो फोन उचलत नाही"?

कॉरीनला अजून बोलले नाही. सांगितलं तर ती पोरीला घेऊन त्याच पावली जाईल. तुझं उत्तर येऊ दे, मग बघते.

व्हर्ना

२४ मार्च

एमेट,

उत्तर नाही. फोनवर तुझा निरोप रेकॉर्ड केलेला तेवढा ऐकू येतो: "एमेट स्टॅन्सिल बोलतोय, साप पकडून हवा असेल तर नाव-पत्ता ठेवा." ठेवलं मी नाव आणि पत्ता. सहा वेळा ठेवलं.

माझे दिवस कसे जातात ते ऐक. तुझे ते बूट अजून पेटीत आहेत. मरेन पण घालणार नाही, म्हणून सपातांवरच फिरते, आधी आपटून. टॅन्सीसाठी एक खेळ काढलाय: जमीन म्हणजे तळं, पाय खाली ठेवला की मगर ओढून नेणार. पोरगी खूश. सोफ्यावरून खुर्चीवर, खुर्चीवरून माझ्या कडेवर. दिवसभर तुझ्या खुर्चीत बसवून ठेवते तिला. तिथेच खाते, तिथेच चित्रं काढते, दुपारची तिथेच झोपते. ती खुर्ची उंच आहे आणि चारी बाजूंनी मला दिसते, त्यामुळे जरा जीव थाऱ्यावर राहतो.

काल कॉरीन म्हणाली, "आई, तुझी कंबर मोडेल. का उचलून फिरवतेस तिला?"

"मगर आहे ना खाली," टॅन्सी म्हणाली.

"आजीला मगरींची भीती कधीपासून वाटायला लागली?"

"वय झालं माझं," म्हटलं. ती हसली. मीही हसले. तुझ्यासारखीच सफाईनं खोटं बोलते मी, शिकले तुझ्याकडून.

का सांगत नाही म्हणून विचारशील. या घरात कित्येक वर्षांत सकाळी कुणी माझ्या गळ्यात पडलं नव्हतं. आता पडतं. ते जाईल म्हणून सांगत नाही. उद्या सांगते, असं रोज म्हणते. तुझंही असंच चाललं असेल, उद्या सापडेल, उद्या सापडेल करत. पण तुझ्यावर दया करायला मला सवड नाही.

सरकार म्हणे हजार तास शिकल्याशिवाय नाग पाळायला देत नाही. नवरा पाळायला एक तासही कुणी शिकवत नाही. लग्नानंतरचं पहिलं वर्ष तू त्या म्हाताऱ्या पर्व्हिसच्या शेडमध्ये घालवलंस, हजार तास भरायला. मी रोज डबा घेऊन यायचे. तो म्हातारा म्हणायचा, "पोरा, साप माणसाला ओळखतो असं ज्या दिवशी वाटेल त्या दिवशी हा धंदा सोड." तू मान डोलवायचास. आणि डचेस आल्यापासून काय म्हणायचास? "ही मला ओळखते."

नाव सांग एमेट. तेवढंच मागते आहे.

व्हर्ना

३१ मार्च

एमेट,

पार्सल मिळालं. आत एक ओळ नाही, सही नाही. थर्माकोलचा खोका, बर्फाच्या पिशव्या आणि औषधाच्या कुप्या. तुझं उत्तर इतकंच.

खोका मी उघडला नाही, कॉरीननं उघडला. ती कामावरून आली तेव्हा कुरियरवाला दारातच होता. तिनं बर्फ बघितला, कुप्या बघितल्या, कुप्यांवरची नावाची चिठ्ठी वाचली. आफ्रिकेतल्या नागाच्या विषावरचं औषध. नर्सला समजावून सांगावं लागत नाही.

"आई, हे बाबांनी इथे का पाठवलं?"

मी खोक्याचं झाकण लावायला गेले.

"आई, आफ्रिकेचा नाग एकच होता त्यांच्याकडे. तो पिवळा. डचेस. डचेस कुठे आहे?"

तेव्हा मलाही कळलं. पुढच्या सीटवर कुणी नव्हतं तर. माझ्या जागेवर तू कुणालाच बसवलं नव्हतंस. तिला इथेच टाकून गेलास, माझ्याबरोबर. एक क्षण, एकच क्षण मला बरं वाटलं, की ती माझ्याहून वरचढ ठरली नाही. बघ माझी काय गत झाली आहे.

मग सांगितलं कॉरीनला. कधीपासून माहीत आहे तेही सांगितलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. टॅन्सी खुर्चीत झोपली होती, तिला उचलली, पिशवीत कपडे कोंबले. दारात थांबून म्हणाली, "त्यांनी नाग लपवला आणि तू त्यांचं लपवणं लपवलंस. तुम्ही दोघं एकाच माळेचे मणी आहात. तिच्या अंगाखाली काय आहे हे माहीत नसताना तू तिला अंगाई म्हणत होतीस."

टॅन्सी जागी झाली आणि म्हणाली, "आजी, खाली उतरू नको, मगर!" मी सोफ्यावर उभी होते ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

आणखी एक. कॉरीननं जाताना कुप्यांवरची तारीख दाखवली. मुदत संपून चार वर्षं झाली आहेत. महाग पडतं, बाहेरून मागवावं लागतं, जुनंही थोडंफार चालतं, हे सगळं तुझं म्हणणं मला पाठ आहे. पण हे तू नातीसाठी पाठवलंस एमेट.

ती गेल्यावर मी खात्याला फोन केला. "नाग सुटलाय" एवढं म्हटल्यावर पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, तुम्ही आत्ता कुठे उभ्या आहात?" इतक्या दिवसांत हे विचारणारा तो पहिला.

व्हर्ना

८ एप्रिल

एमेट,

सापडली.

खात्याच्या मिसेस ओडम म्हणून बाई आल्या, बरोबर दोन माणसं. बाई माझ्याहून हातभर उंच आणि आवाज एकदम मऊ. पहिल्यांदा त्यांनी तुझी खोली बघितली, मग मशीनमागची जागा. मैदा बोटांनी चोळून बघितला आणि म्हणाल्या, "ज्यानं टाकला त्याला काम येत होतं."

"येणारच," मी म्हटलं. "हजार तास शिकलाय."

"मग बैठकीच्या खोलीत का नाही टाकला? उबदार जागा तर तिथेच आहे. फ्रिजची पाठ त्याच भिंतीला."

मला उत्तर माहीत होतं, बाईंनाही होतं. त्या माझ्याकडे बघून दुसरीकडे बघायला लागल्या. बैठकीत मैदा टाकला असतास तर मी पाहिला असता. साप जिथे जाईल तिथे तू शोधलंच नाहीस. मी जिथे बघणार नाही तिथे शोधत बसलास. महिना दीड महिना भुतासारखा घरभर फिरलास, माझ्या पांघरुणात, माझ्या सपातांत हात घालत राहिलास, पण तोंड उघडून "व्हर्ना, डचेस सुटली आहे" हे चार शब्द बोलला नाहीस. आपण दोघांनी मिळून मैदा पसरला असता तर एका रात्रीत मिळाली असती. मी शिव्या घातल्या असत्या, दोन दिवस बोलले नसते, पण मैदा मी पसरला असता, एमेट. माझ्याइतका एकसारखा मैदा तुला कधी पसरता आला आहे?

बाईंनी घरभर मैदा टाकायला लावला, घर बंद केलं. मी रात्रभर चर्चच्या तळघरात. सकाळी त्या मला दारापर्यंतच येऊ देत होत्या, तरी दिसलं. फ्रिजमागून निघून एक नागमोडी माग थेट तुझ्या खुर्चीखाली गेला होता. परत आलेला माग नव्हता.

खुर्ची हळूच उलटी केली. फाटलेल्या अस्तरात, स्प्रिंगांच्या मधल्या घडीत बसली होती. पिवळीधमक. उंदीर खाऊन चांगली गलेलठ्ठ झालेली. फडा काढला तेव्हा माझी मान आपोआप खाली गेली. आकड्यानं उचलून पेटीत घातली, दोन कुलुपं लावली. पाच मिनिटांचं काम झालं ते.

ती तिथे किती दिवस होती, विचारलं. बाई म्हणाल्या, सांगता येत नाही. मग खुर्चीतून खाली पडलेले टॅन्सीचे खडू बघितले आणि विचारलं, "लहान मूल आहे घरात?"

"होतं," मी म्हटलं.

मगरीपासून वाचवायला मी तिला नागाच्या डोक्यावर बसवत होते. दिवसभर. त्या गादीवर ती उड्या मारत होती. हे मी कॉरीनला फोनवर सांगितलं. लपवलं नाही. तिनं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. त्यानंतर उचललेला नाही. तुझ्याकडूनच शिकली ती हे.

बाईंनी तुझा पत्ता विचारला. हद्द ओलांडली म्हणून गुन्हा मागे सुटत नाही, म्हणाल्या. परवाना तर जाईलच, पुन्हा कुठेच मिळणार नाही, बाकीचे सव्वीसही जातील. मी म्हटलं, "माहीत नाही. फोन उचलत नाही तो." अर्धं खरं होतं. का वाचवलं तुला, मला माहीत नाही. कदाचित त्या सपाता आठवल्या. साप शोधत का असेना, पण माझा पाय वाचावा म्हणूनच आपटत होतास ना? तेवढं खरं होतं ना? मला फोन कर, एवढंच सांग, मी गप्प बसेन. आयुष्यभर गप्प बसेन.

व्हर्ना

२१ एप्रिल

एमेट,

केलास फोन. काल दुपारी. मी केकचं पीठ कालवत होते, हात भरलेले, तसाच उचलला. तुझा आवाज ऐकल्यावर बसावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू. खुर्ची नव्हती, म्हणून ओट्याला टेकले.

आणि तू काय म्हणालास? "व्हर्ना, मारली तर नाही ना त्यांनी तिला?"

टॅन्सी कशी आहे, विचारलं नाहीस. मी कशी आहे, विचारलं नाहीस. मी म्हटलं, जिवंत आहे, संशोधन केंद्रात नेली. तू "देवाची कृपा" म्हणालास आणि रडलास. चौतीस वर्षांत मी तुझं रडणं ऐकलं नव्हतं. तुझी आई गेली तेव्हाही नाही. मग स्वतःच सांगत सुटलास: पिंजरा साफ करताना तिला तू पेटीत घालायचा नाहीस, नुसतं पाणी बदलायला पाठ फिरवलीस, अकरा वर्षांत ती कधी हलली नव्हती, "ती मला ओळखते गं." शेवटी म्हणालास, "तिला माझ्याशिवाय कुणाच्या हातचं खायची सवय नाही. त्यांना तेवढं सांगशील?"

सांगितलं. आज सकाळी मिसेस ओडमना फोन करून तुझा निरोप शब्दाला शब्द सांगितला. आणि त्या फोन ठेवणार एवढ्यात तुझा टपालपेटीचा नंबर सांगितला, गावाचं नाव सांगितलं, व्हॅनचा रंगही सांगितला. हे पत्र तुला मिळेल तेव्हा तिथले लोक येऊन गेलेले असतील. चुगली केली म्हणशील. तुझे सगळे सापवाले मित्र मला नावं ठेवतील, की बायकोनंच घात केला. ठेवू देत. तू जो नियम टेबलावर मूठ आपटून सांगायचास, तोच मी पाळला. उशिरा पाळला, त्याची किंमत कॉरीन माझ्याकडून वसूल करते आहे. टॅन्सीचा आवाज ऐकून तीन आठवडे झाले. तिची पिवळी खोली रोज झाडते.

खुर्ची कचऱ्याच्या गाडीला दिली. तुझ्या कुप्याही फेकल्या.

एक गोष्ट माझ्याकडून जात नाही. सकाळी उठले की सपाता उचलते आणि दोनदा आपटते. साप गेला, तू गेलास, तरी हात आपोआप जातो. मी तुझ्याकडून प्रेम म्हणून घेतलं ते एवढंच शिल्लक राहिलं, आणि तेही तू दुसरंच काही शोधताना माझ्याकडे पडलं होतं.

बूट परत पाठवते आहे. या पत्राबरोबरच पार्सल निघेल. पेटीतून कधी काढले नाहीत, मापाचे निघाले असते की नाही तेही माहीत नाही.

तरी आत हात घालण्याआधी उलटे करून आपटून घे.

व्हर्ना